जांभळ्यातली गुलाबी झाक

गिरणीच्या रंगखात्यात तिला सगळे करडीबाई म्हणत. हे नाव तिच्या कपड्यांवरून पडले की नजरेवरून, यावर कामगारांचे कधी एकमत झाले नाही. मात्र तिच्या खोलीकडे वळताना भलेभले फोरमन खिशातला हात बाहेर काढीत आणि तोंडावरचे हसू आत घेत, एवढे खरे.

खोली तशी साधीच होती. उत्तरेकडे तोंड असलेली एक मोठी खिडकी, करड्या भिंती, करडे टेबल आणि टेबलापाशी करड्या कपड्यांतली ती. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना ती डाव्या हाताशी ठेवी, हौदातून निघून वाळलेली सुताची लडी उजव्या हाताशी. मग दोन्हींकडे नुसते पाहत राही. पाहता पाहता तिची मान किंचित कलती होई आणि निकाल लागे, पास किंवा नापास. तिसरा शब्द त्या खोलीत सहसा खर्च होत नसे. एकदा एका नव्या फोरमनने “बाई, उन्नीस-बीसचा तर फरक आहे, चालवून घ्या ना,” अशी गळ घातली, तेव्हा ती म्हणाली, “बाही एका रंगाची आणि पाठ दुसऱ्या रंगाची असा सदरा तुम्ही लग्नात घालून दाखवा. मग चालवून घेते.” त्या माणसाने कानाला खडा लावला.

हे काम तिला रंगमास्तरांनी शिकवले. खात्यातले सर्वांत जुने गृहस्थ, आणि सर्वांत कमी बोलणारे. पहिल्याच दिवशी ती लाल बाह्यांचे पोलके घालून आली, तेव्हा त्यांनी तिला दारातच थांबवले. “रंग चोरटा असतो,” ते म्हणाले. “तुझ्या बाहीवरून उठून नमुन्यावर जाऊन बसेल, आणि तुला पत्ताही लागणार नाही. या खोलीत यायचं तर अंगावर रंग नको.” दुसरा नियम त्यांनी काही दिवसांनी सांगितला. डोळा उपाशी हवा. भरल्या पोटी जशी चव कळत नाही, तसा रंग पाहून आलेल्या डोळ्याला रंग कळत नाही. म्हणून सकाळी कामावर येण्याआधी भडक काही पाहायचे नाही. तिसरा नियम तर त्यांच्या नेहमी तोंडी असे. नमुना ज्या डोळ्याने पाहिला, त्याच डोळ्याने जुळवावा. म्हणजे एकाने पाहायचे आणि दुसऱ्याने निकाल द्यायचा, हे चालणार नाही.

तिने हे नियम पाळले, आणि ते गिरणीपुरते ठेवले नाहीत. घरातले पडदे पांढरे झाले, चादरी करड्या झाल्या. सकाळचा चहा ती भिंतीकडे तोंड करून घेई. दिवसभर ती डोळ्यांत तेल घालून बसे. त्यातून उठायचे ते शेजारच्या तोलाईच्या खोलीत जाण्यासाठी. तिथे रंगांची पूड तिच्या देखरेखीखाली तोलली जाई आणि कितीही जपले तरी थोडीफार हवेत उडे. सुटीचा भोंगा झाला की ती हात कोपरापर्यंत चोळून धुई आणि घरी निघे. आरसा तिच्या खोलीत नव्हता. आरशातून उजेडाची भेसळ होते, असे रंगमास्तरांचे मत होते.

नवरा पोस्टमन होता. सरळ, हसरा, नाकासमोर चालणारा. त्यांना एकच मुलगी झाली. घरात रंग यायचा तो त्या दोघांमुळेच. तो पत्रांवरची तिकिटे मुलीसाठी मागून आणी. एका वाढदिवसाला त्याने तिला रंगीत खडूंची पेटी आणून दिली. “अगं, लेकराला तरी मोकळं सोड,” तो बायकोला म्हणे. “मी कुठं बांधलंय?” ती म्हणे. आणि ते खरेच होते. तिने मुलीला कधी कशाला मज्जाव केला नाही. फक्त, दाखवायचे असेल ते रविवारी दाखवायचे, एवढा दंडक होता.

मुलगी पहिलीत असताना एका सकाळी कागद नाचवत स्वयंपाकघरात आली. “आई, बघ! मी तुला काढलंय!” आई भिंतीकडे तोंड करून चहा पीत होती. तिने मान न वळवता एक हात डोळ्यांपुढे धरला. “रविवारी बघू हं, चिमे.”

चिमीने तो कागद चुरगळू नये म्हणून गादीखाली सपाट घालून ठेवला. रोज रात्री ती त्याच्यावर झोपली. रविवारी सकाळी तिने तो स्वतःच खिडकीपाशी नेऊन ठेवला, कारण आई उजेडात पाहते हे तिला ठाऊक होते. चित्रात एक बाई होती. करडे कपडे, लांब हात, आणि डोक्यावर भरघोस जांभळे केस. जांभळे, आणि त्यांत गुलाबीची झाक.

आईने चित्र हातात घेतले आणि तिला येत होती त्या एकाच पद्धतीने पाहिले. मान कलती झाली. “हात छान आलेत,” ती म्हणाली, “पण केसांचा रंग चुकलाय. माणसाच्या केसांना असा रंग नसतो. नापास.”

लाडाने खोटे बोलण्यापेक्षा मुलीला मोठ्या माणसाचा मान दिला, याचे तिला उलट समाधानच वाटले. चिमी रडली नाही. तिने कागद घेतला आणि ती बापाकडे गेली. त्या दिवसानंतर तिने आईला एकही चित्र दाखवले नाही. घरात काहीतरी कायमचे थांबले आहे हे आईच्या ध्यानात आले, ते चिमीने खडूंची पेटी शेजारच्या मुलीला देऊन टाकल्यानंतर कितीतरी दिवसांनी.

वर्षे गेली. मुलगी शिकली, शाळेत गणित शिकवू लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच्या घरात राहू लागली. पोस्टमन वारला. करडीबाई निवृत्त झाली. मुलगी नेमाने येई, फळे आणी, औषधे तपासून जाई, दिव्यांची बटणे दुरुस्त करवून घेई. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. ती दोन शब्द जास्त बोलत नसे आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबत नसे. आई दार लावून घेताना दर वेळी मनाशी म्हणे, पुढच्या खेपेला सांगू. काय सांगायचे, ते तिला पक्के माहीत होते. सांगायचे कसे, ते येत नव्हते. आयुष्यभर तिने दोन शब्दांत निकाल दिले होते. ‘माझं चुकलं’ हे त्या दोहोंत बसत नव्हते.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आधी उजवा करू, मग काही महिन्यांनी डावा. “एक सांगून ठेवतो,” ते म्हणाले. “नवीन भिंग बसल्यावर रंग थोडे वेगळे दिसतील. घाबरू नका.”

ती घाबरली. घरी येऊन ती कितीतरी वेळ खिडकीपाशी बसून राहिली. हजारो नमुने डोळ्यांखालून गेले होते आणि ते सारे विसरायला तिची हरकत नव्हती. एकच नमुना तिने जपला होता. त्या रविवारच्या कागदावरचा जांभळा आजही डोळे मिटले की तिच्यापुढे जसाच्या तसा उभा राही. ज्या डोळ्याने तो पाहिला, तो डोळा आता बदलणार. मग जुळवायचा कशाने? रंगमास्तरांचा तिसरा नियम तिला आठवला, आणि त्या क्षणी तिला हेही उमगले, की आपल्याला बोलता येत नसले तरी नमुन्याशेजारी लडी ठेवता येते. लेकीपुढे तोच रंग घेऊन उभे राहायचे. तो कुठे असायला हवा, हे तर चित्रातच ठरलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये गेली.

“या मावशी, बसा,” पार्लरवाली म्हणाली. “काळा की तपकिरी?”

“जांभळा.”

पार्लरवालीने हातातला कंगवा खाली ठेवला. “जांभळा? डोक्याला?”

“मग काय भिंतीला? गुलाबी झाक हवी त्यात.”

“घरी विचारलंय का?”

“घरी मीच असते. मला विचारलं. हो म्हणाले.”

“नाही, तुम्ही म्हणाल तसं. पण लोक म्हणतील, म्हातारचळ लागला.”

“लागायला अंमळ उशीरच झाला म्हणावं,” करडीबाई म्हणाली आणि खुर्ची खिडकीकडे ओढून बसली. “माझे केस पांढरे आहेत, तेव्हा ते धुवट कापडच समजा. रंग थेट चढेल. आधी कानामागची एक बट रंगवा, मग पुढचं बघू.”

बट रंगली, वाळली. करडीबाईने हातआरशात ती उजेडाला धरून पाहिली. “मातकट आहे. निळा वाढवा.” दुसरी बट झाली. “अजून निळा.”

“मावशी, खरं सांगू? हा आता फार भडक निळा व्हायला लागलाय.”

“अहो, हे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत. जन्म गेलाय माझा यात. घाला.”

पार्लरवालीने मुकाट्याने घातला. तिसऱ्या बटेला करडीबाईची मान किंचित कलती झाली. “पास,” ती म्हणाली. गिरणी सुटल्यापासून तो शब्द तिने प्रथमच उच्चारला होता.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी लेक मुक्कामाला आली. दार उघडले, आणि ती बॅग हातात धरून तशीच उभी राहिली.

“आई. हे काय आहे?”

“केस.”

“ते दिसतंय मला. डॉक्टरांनी केस धुऊन यायला सांगितलं होतं. रंगवून नव्हे.”

“धुतलेत. धुतल्याशिवाय रंग चढतच नाही.”

“थट्टा सुचतेय तुला. शिंगं मोडून वासरांत शिरायचं हे वय आहे का? उद्या त्या दवाखान्यात माझ्या शाळेतल्या निम्म्या मुलांचे आईबाप असतील.”

नमुन्याशेजारी ठेवलेल्या लडीबद्दल कुणी भाषण करत नाही. सांगावे लागले, तर रंग जुळलेलाच नाही, असे आई जन्मभर मानत आली होती. ती दिव्याखाली उभी राहिली आणि वाट पाहू लागली. लेकीने पाहिले. बराच वेळ पाहिले. मग तिचा चेहरा आवळून आला आणि ती वळली. “दूध आणलंय, तापवते,” असे म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

विसरली, आईला वाटले. एवढ्याशा पोरीने काढलेले चित्र. का म्हणून लक्षात ठेवील? आपणच तेवढे उराशी धरून बसलो. त्या रात्री जेवताना दोघी फक्त थेंबांच्या औषधाबद्दल बोलल्या.

ऑपरेशन सुरळीत पार पडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. “काय दिसतंय?”

“तुमचा कोट पांढरा आहे,” ती सावकाश म्हणाली. “काल सायीच्या रंगाचा होता.”

डॉक्टर हसले. लेक मागे उभी होती. तिच्या गळ्यात निळा रुमाल होता, आणि तो इतका निळा होता की आईने तो पुन्हा एकदा पाहिला. नजर फिरता फिरता ती भिंतीवरच्या आरशावर गेली, आणि तिथेच थिजली.

आरशातल्या बाईच्या डोक्यावर एक झगझगीत, थंड, निळ्याकडे झुकलेला रंग होता. त्यात गुलाबीचे नावही नव्हते. तिने उजवा डोळा हाताने झाकला. डाव्या, जुन्या डोळ्याला दिसला तो तिचा ओळखीचा जांभळा, जसा हवा तसा. मग तिने डावा झाकला. पुन्हा तो परका निळा. असे तिने कितीदा तरी केले. अखेर डॉक्टरांनी विचारले, “काही त्रास होतोय का?”

“नाही,” ती म्हणाली. “नापास झालंय एक काम.”

पुढे काही दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही, असे त्यांनी बजावले. म्हणजे रंग धुऊन टाकण्याचीही सोय उरली नाही.

घरी आल्यावर लेकीने तिला खिडकीपाशी बसवले, डोळ्यात थेंब घातले आणि बाटलीचे झाकण लावता लावता विचारले, “दवाखान्यात काय चाललं होतं तुझं? एकदा हा डोळा, एकदा तो?”

“रंग चुकला गं.”

“कसला?”

“केसांचा. जुना डोळा आतून पिवळा पडला होता. त्यात निळा मरत होता, आणि मला वाटलं रंगातच निळा कमी आहे. वाढवत गेले. ती पार्लरवाली जीव तोडून सांगत होती. मी तिला शहाणपण शिकवलं.” आई थांबली. “हयातभर दुसऱ्यांचे लॉट परत पाठवले. आणि हा एक माझा होता, तो असा.”

“रंगच आहे, आई. जाईल.”

“जाईल. पण तो तुझ्यासाठी होता. तू ते लहानपणी…”

“चित्र,” लेक म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचे शटर ओढले.

“तुला आठवतं?” आईने विचारले.

“दारातच ओळखलं मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? चिडले होते. इतक्या वर्षांनी घेऊन आलीस, आणि तोही चुकीचा. तो मी केला होता, आई. जांभळा खडू हलक्या हातानं, आणि त्याच्यावर गुलाबी घासला होता. मला नाही कळणार?”

आईने मान खाली घातली. मग जो प्रश्न त्या रविवारी विचारायला हवा होता, तो तिने आता विचारला. “पण जांभळाच का गं? माझे केस तर काळे होते.”

लेकीने तिच्याकडे आश्चर्याने पाहिले, जणू हे विचारण्यासारखे होते हेच तिला ठाऊक नव्हते. “तसेच होते म्हणून. संध्याकाळी तू यायचीस तेव्हा दारातून मागचा उजेड पडायचा, आणि तुझ्या केसांवर रंग दिसायचा. कधी हिरवट, कधी तांबूस. त्या दिवसांत जांभळा होता, गुलाबीसारखा. गिरणीतली पूड असणार. तू हात धुऊन यायचीस, डोकं कुठं धुवायचीस?” ती क्षणभर थांबली. “मी मनानं काढलं नव्हतं. दिसलं तसं काढलं होतं.”

करडीबाई बसल्या जागी अगदी स्थिर झाली. रंग चोरटा असतो. अंगावरून, बाहीवरून, नखांवरून ती त्याला हुसकत राहिली, भिंतीकडे तोंड करून चहा पीत राहिली; आणि तो रोज तिच्या डोक्यावर बसून घरी येत होता. साऱ्या खात्यात कुणी तो पाहिला नाही. ज्या एका डोळ्याला तो दिसला, तो अचूक होता, आणि तिने त्याला नापास केले होते. ‘माणसाच्या केसांना असा रंग नसतो,’ हे तिने केस जांभळे असताना सांगितले होते.

“चिमे,” ती म्हणाली. नव्या डोळ्याला रडायची मनाई होती. लेकीने कापसाचा बोळा घेऊन तिचा गाल अलगद टिपला.

“हा रंग काढून पुन्हा करता येतो का?” जरा वेळाने लेकीने विचारले. आवाज वर्गातल्यासारखा कोरडा होता. “गुलाबी जास्त घालून?”

“येतो. पण डॉक्टर पाणी घेऊ देतील तेव्हा.”

“बरं. रविवारी बघू.”

शब्द तोंडातून गेले आणि दोघींनाही ऐकू आले. लेक काहीशी चपापली. पण तिने ते मागे घेतले नाहीत. ठरलेल्या दिवशी ती बॅग भरून आपल्या घरी गेली. आईने दार लावले, आणि या खेपेला मनाशी काही म्हटले नाही. त्यानंतर आलेल्या पहिल्या रविवारी ती खिडकीपाशी बसली. लेक आली नाही. पाण्याची परवानगीही मिळालेली नव्हती. त्या संध्याकाळी करडीबाईला समजले, की रविवारची वाट पाहणे म्हणजे काय असते.

परवानगी मिळाली. पुढच्या रविवारी सकाळी ती केस धुऊन, वाळवून, पांढरा टॉवेल खांद्यावर घेऊन बसली. निळा आता पुष्कळ उतरला होता. घंटा वाजली. लेक आत आली, तिने पिशवीतून दोन डबे आणि एक ब्रश काढला आणि बाह्या सारल्या. तिने खुर्ची उत्तरेच्या उजेडात नीट वळवली. कानामागची एक बट तिने रंगवली. ती वाळू दिली.

मग तिने आरसा पुढे केला. “बघ. बरोबर आहे का?”

आईने आरसा उलटा करून मांडीवर ठेवला. “तू बघ. नमुना तुझ्यापाशी आहे.”

लेक मागे सरली. खिडकीच्या काचेत आईला ती अंधुक दिसत होती. हात कमरेवर ठेवून ती नुसती पाहत होती, आणि पाहता पाहता तिची मान किंचित कलती झाली.

“अजून थोडा गुलाबी,” ती म्हणाली.

करडीबाई हलली नाही.